एल म्हणजे नेमकं किती?

बतकम्माचे दिवस जवळ आले की आमच्या सिरोंच्यात घरोघरी दोनच विषय. फुलं कुठून आणायची आणि कपडे कुठून घ्यायचे. प्राणहितेवर पूल झाल्यापासून चेन्नूरमार्गे मंचेरियालला जाऊन खरेदी करणं सोपं झालंय. गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर, एका कुर्तीसाठी तिकडे कोण जातंय?

तर गेल्या वर्षी माझी कॉलेजातली भाची मैत्रिणींबरोबर गेली आणि छानशी मोरपंखी कुर्ती घेऊन आली. साइज एल. दुकानात एवढी गर्दी की घालून बघायला मिळालंच नाही. 'माझा एलच आहे' म्हणून बिनधास्त घेतली. घरी घातली तर मुंढ्यात अडकली. हात वर जाईना! आणि बतकम्मा म्हणजे तर टाळ्या वाजवत गोल फिरायचं, खाली वाकायचं. बिलावर छापलेलंच होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पैसे गेले, बसभाडं गेलं, दिवस गेला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या दिवसापासून पोरगी रात्रीची जेवेना. कधी भूक नाही, कधी पोट जड आहे. चौथ्या दिवशी मी खोदून विचारलं, तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "आत्या, मी जाड झाली. आता एलपण होत नाही मला."

रक्त कमी म्हणून जिला लोहाच्या गोळ्या चालू आहेत, ती पोरगी एका लेबलापायी उपाशी राहत होती. मला तर काय बोलावं तेच सुचेना.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक अक्का आहे. तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारी. तिच्याकडे एक जाडजूड वही असते, त्यात साऱ्या गल्लीची मापं. भाचीला आणि तिच्या कपाटातल्या तिन्ही एल कुर्त्या घेऊन मी तिच्याकडे गेले. अक्कानं कुर्त्या पाटावर सपाट पसरल्या आणि काखेपासून काखेपर्यंत टेप लावून माप दुप्पट केलं. जुनी कुर्ती ४१ इंच. आठवडी बाजारातली ४०. आणि नवी मोरपंखी ३८! तिन्हींच्या मानेवर एकच अक्षर. मग वही उघडली. वर्षभरापूर्वी ब्लाउज शिवला तेव्हा भाचीची छाती ३७ इंच लिहिलेली. पुन्हा टेप लावली, ३७च भरली. ३७ इंचाच्या अंगावर ३८ची, न ताणणाऱ्या कापडाची कुर्ती बसणार कशी? श्वास घ्यायला, हात हलवायला निदान तीन-चार इंच मोकळीक लागतेच.

आता गंमत बघा. घरातल्या पुरुषांच्या पँटवर ३२, ३४ असा निदान आकडा तरी असतो. आपल्या कपड्यांवर बहुतेक वेळा नुसतं अक्षर. एल म्हणजे मोठा, पण कुणापेक्षा मोठा? कुणी अंगाचं माप धरून एल लिहितो, कुणी कपड्याचं. कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात, त्यात वरच्या-खालच्या थरांत थोडा फरक पडतो. सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं ते वेगळंच. काही कंपन्या गिऱ्हाइकाला खूश करायला मोठ्या कपड्यावर लहान साइजही लिहितात. 'बाई, मला एम झाला!' म्हणून आपण हसतहसत पैसे मोजतो. त्या खोट्या एमची सवय लागली की पुढच्या दुकानातला खरा एल जिवाला लागतो.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या सरकारनं सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९ मापं! पण त्यातून गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशोबात धरलीच नाहीत. त्या आधारावर १९५८ साली साइजचं प्रमाण ठरलं, पण बायकांची अंगं त्यात बसेनात आणि कंपन्याही जुमानेनात. शेवटी १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

आपल्याकडचे साइज बरीच वर्षं इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरूनच बेतले गेले. भारतीय अंगाची मापं घ्यावीत म्हणून २०१८ साली केंद्राच्या वस्त्र मंत्रालयानं आणि निफ्ट या संस्थेनं 'इंडिया साइज' योजना जाहीर केली. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं, तीही हात न लावता यंत्रानं घ्यायची. शहरं सहा, त्यांत दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँगही. काम चांगलंच आहे. पण रोवणी करणारी, मोहफुलं वेचणारी, डोक्यावर ओझं वाहणारी आमच्याकडची बाई या सहा शहरांत कुठे भेटणार? तिचे खांदे आणि दंड मुंबईच्या बाईसारखे नसतात हो! आम्हाला त्यातल्या त्यात हैदराबाद जवळचं, एवढंच.

एक कामाची गोष्ट मात्र सांगते. २०२२ मध्ये वजनमापांच्या नियमांत बदल झाला. त्यानुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यावर एस, एम, एल या अक्षरांबरोबर सेंटीमीटर किंवा मीटरमधलं मापही असायला हवं. पुढच्या खरेदीला लेबल उलटून बघा. माप नसेल तर दुकानदाराला विचारा. तो कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. मी तर आता पर्समध्ये इंचटेपच ठेवते. आपल्याला नीट बसणाऱ्या कुर्तीची छाती, मुंढा आणि उंची मोबाइलमध्ये लिहून ठेवली आहे. दुकानातली कुर्ती काउंटरवर पसरायची आणि टेप लावायची. पहिल्यांदा लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण बाजूच्या बाईनं "ताई, जरा टेप द्या" म्हटलं आणि लाज गेली. ऑनलाइन मागवताना तर अक्षराकडे बघूच नका, खाली तक्ता असतो तो वाचा. आणि तो अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या, तेही बघा.

मोरपंखी कुर्तीचं काय झालं? शिलाई उसवून सैल करावी तर आत मार्जिन जेमतेम पाव इंच. कापड वाचवण्यासाठी तेवढंही हल्ली सोडत नाहीत. मग अक्कानं खालचा घेर दोन बोटं कापला आणि त्या कापडाचे चौकोनी तुकडे दोन्ही काखांत जोडले. भाचीनं कुर्ती घातली, हात वर केले, दोनदा टाळी वाजवून बघितली.

"भूक लागली," म्हणाली.

अक्कानं वहीत तिच्या नावापुढे नवी तारीख टाकली आणि पुन्हा ३७ लिहिलं.