कानाला झेपेल तेवढीच ताकद

५ अश्वशक्तीच्या मोटारीचा सगळा दाब कुणी ठिबकच्या नळ्यांत सरळ सोडतो का? नाही. ठिबकला साधारण एक किलोचा दाब पुरतो. जास्त झाला की नळ्या सुटतात, ड्रिपर उडतात. म्हणून आपण बायपासचा व्हॉल्व्ह फिरवून दाब बेतात आणतो. कानाला लावायच्या हेडफोनचाही हिशेब हाच आहे. पण तो सहसा कुणी करीत नाही.

मागच्या वर्षी मेळाव्यासाठी एका गावी गेलो होतो. भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर देवळाच्या ओट्यावर मांडला होता. आवाज तपासावा म्हणून एका तरुणाने कर्ण्याच्या वायरी काढून त्या जागी आपल्या हेडफोनच्या वायरी खोचल्या. खर्रकन आवाज झाला, जळका वास आला आणि हेडफोन गेला. नशीब, तो गळ्यातच अडकवलेला होता, कानांवर चढवला नव्हता.

असे का झाले? साध्या हेडफोनला एक मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग दिला, तरी सुमारे १०० डेसिबल आवाज निघतो. उलट १०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ एक लाख मिलिवॅटची ताकद असते! शिवाय अशा पुष्कळ यंत्रांच्या मागे लांबच्या कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची जोडणी असते. तिथे हेडफोन लावणे म्हणजे विजेच्या धक्क्याला बोलावणे.

ताकद दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला सोसण्याचा वेळ निम्मा होतो. ८५ डेसिबल ८ तास, ८८ डेसिबल ४ तास, तर १०० डेसिबल फक्त १५ मिनिटे, असा दिवसाचा हिशेब ध्यानात ठेवा.

हेडफोन घेताना खोक्यावरचा ओहमचा आकडा पाहा. १६ किंवा ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला मोबाईलची ताकद पुरते. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यात पैसा घालवू नका. ध्वनिमुद्रणासाठी वापरतात त्या २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागते. त्यासाठी हेडफोनचाच छोटा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. पण त्याच यंत्राला, बटण तेवढ्यावरच ठेवून, नंतर १६ ओहमचा इअरफोन लावला तर कानठळ्या बसतील.

म्हणून एवढे पाळा. हेडफोन त्याच्या स्वतःच्या खाचेतच लावा, कर्ण्याच्या जागी कधीच नाही. लावण्यापूर्वी आवाजाचे बटण शून्यावर आणा. मग हेडफोन घालून आवाज हळूहळू वाढवा. मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांपुढे नेऊ नका.

ट्रॅक्टरवर तर इअरफोन नकोच. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला पोरे आवाज वाढवत नेतात आणि मागून येणाऱ्या गाडीचा भोंगाही ऐकू येत नाही. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर आवाज जास्त झाला असे समजा. ती थांबली नाही किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

एखादे पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. कानाच्या आतल्या ऐकण्याच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आज रात्री मुलांना जवळ बसवून हे एकदा समजावून सांगा.