हळदीच्या पिशवीवरचं नाव: मालक कोण?



आज फवारणी-खताचं नाही, पिशवीवरच्या नावाचं बोलायचं आहे. आपली हळद पावडर ज्या नावाने विकली जाते, तो ट्रेडमार्क कंपनीचा नाही. कंपनी नोंदली जाण्याआधी अर्ज केला होता, म्हणून तो तेव्हाच्या अध्यक्षांच्या नावाने भरला. त्यात कुणाचा डाव नव्हता. पण कागदावर मालक ते एकटेच. उद्या काही बरंवाईट झालं तर हक्क वारसांकडे जाईल, सभासदांकडे नाही. काका स्वतःच म्हणाले, "माझ्या हयातीत उरकून घ्या."

काहीजण म्हणतात, फूड लायसन्स तर कंपनीचं आहे ना! आहे, पण त्याने नावाची मालकी मिळत नाही.

सातबाऱ्यासारखं समजा. आधी खरेदीखत, मग फेरफार. इथे खरेदीखत म्हणजे असाइनमेंट डीड, स्टॅम्प पेपरवर. त्यात नोंदणी क्रमांक, वर्ग (मसाल्यांचा ३०), मोबदला आणि नावासोबत त्याची बाजारातली पत, म्हणजे गुडविलही दिली, हे स्पष्ट लिहायचं. गुडविल वगळून नुसतं नाव दिलं तर सहा महिन्यांच्या आत रजिस्ट्रारकडे जाऊन जाहिरातीचे निर्देश घ्यावे लागतात. तो खटाटोप कशाला?

मग फेरफार, म्हणजे फॉर्म टीएम-पी. ऑनलाइन भरला तर एका मार्कला ९,००० रुपये फी. बरेचजण डीड करून कपाटात ठेवतात आणि इथेच चुकतात. नोंदीचा अर्जच केला नसेल, तर डीडची माहिती नसताना त्याच मार्कवर हक्क मिळवणाऱ्या दुसऱ्या कुणाविरुद्ध ती डीड चालत नाही. नोंदणी १० वर्षांची असते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीखही त्याच वेळी बघून घेऊ.

एक गल्लत मात्र करू नका. सांगलीच्या हळदीला जीआय आहे, ते वेगळं. जीआय कुणाला विकता येत नाही, नावावर करून देता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. आपण बोलतोय ते फक्त आपल्या ब्रँडबद्दल.

डीडचा मसुदा येत्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवणार आहोत. मोबदल्याचा आकडा तिथेच सगळ्यांसमोर ठरेल, त्यामुळे नक्की या. आणि घरी सुरुवातीच्या काळातल्या पिशव्या, बिलं, बाजाराच्या पावत्या असतील तर फोटो काढून याच नंबरवर पाठवा. नाव कधीपासून वापरात आहे, हे दाखवायला त्या लागतील. बिलावरची तारीख फोटोत नीट दिसू द्या.