म्हाताऱ्यांचं वैर, मुलांचं मरण

शेक्सपिअरच्या हाती आली तेव्हा रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट शंभरहून अधिक वर्षं जुनी होती. १४७६ मध्ये मासुच्चो सालेर्नितानोने सिएनातल्या दोन प्रेमिकांची कथा छापली. तीत चोरून केलेलं लग्न आहे, झोपेचं औषध आहे, वाटेत अडकलेला निरोपही आहे. घराण्यांचं वैर मात्र नाही. ते आणलं १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तोने. त्याने कथा व्हेरोनात नेली आणि दान्तेच्या काव्यातली दोन नावं त्या घराण्यांना दिली.

पुढे मुलीचं वय उतरत गेलं. दा पोर्तोची नायिका अठराची, १५६२ च्या आर्थर ब्रुकच्या इंग्रजी काव्यात सोळाची, आणि शेक्सपिअरकडे चौदाही पूर्ण न झालेली. ब्रुककडे काही महिने चालणारं सारं शेक्सपिअरने रविवार ते गुरुवार, पाच दिवसांत आवळलं. पोरांना सावरायला सवडच ठेवली नाही.

आणि वैर तरी कशावरून? मूळ कारण नाटकात कुठेच नाही. पहिल्याच प्रवेशात ज्युलिएटच्या बापाचा, कॅप्युलेटचा, एक नोकर समोरच्यांना अंगठा चावून दाखवतो; तिथली ती शिवीच. समोरचा जाब विचारतो तेव्हा हा हळूच सोबत्याला विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे ना? म्हातारा कॅप्युलेट धावत येऊन तलवार मागतो, तर बायको म्हणते, कुबडी मागा. त्याच रात्री घरच्या मेजवानीत वैऱ्याचा मुलगा रोमिओ शिरल्याचं कळतं, तेव्हा हाच म्हातारा बायकोच्या भाच्याला, टिबॉल्टला, दटावतो: पोरगा चांगला आहे, राहू दे. थोरल्यांचा राग विझत आला होता. पण वैर संपलं, हे कोणीच तोंडाने म्हटलं नाही.

रोमिओचा मित्र मर्क्युशिओ तर दोन्ही घरांतला नव्हे, व्हेरोनाच्या राजाचा नातलग. त्याचं आणि टिबॉल्टचं भांडण सोडवायला रोमिओ मध्ये पडतो आणि रोमिओच्याच हाताखालून टिबॉल्टची तलवार लागून मित्र मरतो. दर वेळी वाचताना इथे काळजात धस्स होतं. नुकतंच लग्न झालेला हा मुलगा बायकोच्या भावावर हात उचलायचा नाही म्हणून थांबलेला असतो. थोड्याच वेळात तो टिबॉल्टलाच ठार करतो.

नंतरच्या काळात गोष्ट देशोदेशी फिरली. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त घराण्यांच्या जागी न्यूयॉर्कच्या टोळ्या आल्या, १९८८ च्या ‘कयामत से कयामत तक’मध्ये राजपूत घराणी. मराठीत मंगेश पाडगावकरांनी नाटकाचा अनुवाद केला. संगीतकार गुनोच्या १८६७ च्या ऑपेरात मात्र प्रेमिक मरतात तिथेच पडदा पडतो, बापांचा समेट गाळलेला आहे. ते मला खटकतं. म्हातारे हात मिळवतात तेव्हाच तर कळतं, की हे कालही जमलं असतं.

नाटक संपतं तेव्हा सहा जण गेलेले असतात, त्यात रोमिओची आईही. दोन्ही बाप जिवंत असतात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायचं ठरवतात. घरात मूल कोणाच्याच उरलेलं नसतं.