हजेरी, ठसे आणि पाच लाखांतले पन्नास

सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. आमच्या माळशिरसकडून कामानिमित्त जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्यांच्या कानावर हे नाव पडते, पण ते आले कुठून हे फारसे कोणी विचारत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. मग कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींची कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आली. त्यांच्यापैकी कोणी चोरी केली होती का, हा प्रश्नच नव्हता. त्या जमातीत जन्म होणे पुरेसे होते. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर परवानगी, आणि दप्तरात बोटांचे ठसे.

ठशांचे शास्त्र तेव्हा नवे होते. ठसे घेणे सोपे. हजारो कागदांतून हवा तो शोधणे कठीण. त्यासाठी वर्गीकरण लागते. कोलकात्यात १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय सुरू झाले. तेथील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी या कामात मोठा वाटा उचलला. युक्ती अशी: प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहायचे. दहा बोटे, प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे २ चा दहावा घात, १०२४ कप्पे! (घातांक शिकवताना शाईचा पॅड वर्गात न्यावा, मुले रमतात.) पद्धतीला नाव मात्र साहेबाचे, एडवर्ड हेन्री यांचे, मिळाले.

ठसा ‘हा माणूस कोण’ ते सांगतो. तो उद्या काय करील, हे सांगत नाही. सेटलमेंटच्या व्यवस्थेत ही दोन उत्तरे एकच धरली गेली. शिवाय हजेरी चुकवणे हाही गुन्हाच. म्हणजे न विचारता नातलगाच्या मयताला गेलेला माणूसही गुन्हेगार ठरणार, यादी वाढणार, आणि तीच यादी जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा म्हणून दाखवता येणार! प्रयोगशाळेत एखादे उपकरण जे मोजायचे तेच स्वतः निर्माण करू लागले, तर आपण ते बाजूला ठेवतो.

मग पाळत ठेवूच नये का? तसे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांचे सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी चाललेले फोन पोलिसांनी हल्ला चालू असतानाच ऐकले, आणि ती संभाषणे पुढे खटल्यात पुरावा ठरली. तिथे संशयाला कारण होते, आणि ऐकायचे होते ते मोजकेच फोन.

सर्वांवरच नजर ठेवली तर काय होते? माळशिरस तालुक्याची लोकसंख्या सोयीसाठी पाच लाख धरू. समजा, त्यांत ५० जण घातपाताच्या विचारात आहेत आणि त्यांना हुडकणारे यंत्र ९९ टक्के अचूक आहे. ते पन्नासांपैकी जवळजवळ सगळे पकडील. पण उरलेल्या ४,९९,९५० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे ५,००० जणांवरही बोट ठेवील. संशयितांच्या यादीत शंभरातले नव्व्याण्णव निर्दोष! अचूकता ९९.९ टक्के केली तरी दहा निर्दोषांमागे एक दोषी. दोष यंत्राचा नाही. शोधायची गोष्ट दुर्मीळ आणि चाळणीत टाकलेली माणसे अफाट, म्हणून असे होते. पोलिसांचेही यात नुकसानच, कारण खऱ्या पन्नासांसाठी लागणारा वेळ पाच हजारांच्या चौकशीत जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात सरकारने हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. यातला ‘प्रमाणात’ हा शब्द मला वरच्या गणिताचाच वाटतो.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सोलापूरची ती माणसे ‘विमुक्त’ म्हणवली जाऊ लागली. संशयाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. सराईत गुन्हेगारांवर नजर ठेवणारा मुंबई राज्याचा कायदा १९५९ साली आला. विमुक्तांना जन्मतः सराईत गुन्हेगार मानणारे तुरुंग-नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. आणि २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्यानुसार अटक झालेल्यांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा अशा नोंदी ७५ वर्षे जपता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या आहेत, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर.