थायमोमा आपोआप आकसतो तेव्हा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस ही ग्रंथी असते. प्रतिकारशक्तीतील टी-पेशी तिच्यात तयार होऊन परिपक्व होतात. वयात आल्यानंतर ती हळूहळू लहान होते आणि तिची जागा चरबी घेते. या ग्रंथीच्या अस्तर-पेशींतून उद्भवणारी गाठ म्हणजे थायमोमा. अमेरिकेत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांनाच ती होते. उपचारांविना ती आकसल्याची उदाहरणे तर मोजकीच असून त्यांतली बरीच जपानमधून नोंदवलेली आहेत.

गैरसमज : गाठ आपोआप आकसली, म्हणजे आजार बरा झाला.
वस्तुस्थिती : एव्हरसन आणि कोल या शल्यचिकित्सकांनी 1966 मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, उपचारांविना किंवा अपुऱ्या उपचारांवर गाठ अंशतः कमी झाली, तरी ती 'आपोआप माघार'च ठरते. बरे होणे ही त्या व्याख्येची अट नाही.

गैरसमज : काढा, पथ्य किंवा मनोबल यांमुळे गाठ विरघळते.
वस्तुस्थिती : बहुतेक नोंदींत कारण गाठीतच सापडते. आतला दाब वाढून किंवा शीर गुठळीने बंद होऊन रक्तपुरवठा तुटतो आणि मधला भाग मरतो. मग शरीर तो मृत भाग हळूहळू शोषून घेते. काढलेली गाठ कापून पाहिली, तर जाड तंतुमय वेष्टनाच्या आत मृत ऊतक आणि कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांच्या खुणा दिसतात, कडेला मात्र जिवंत पेशींचा पातळ थर टिकून असू शकतो.

गैरसमज : गाठ आकसताना रुग्णाला काहीच जाणवत नाही.
वस्तुस्थिती : अनेकांना आधी एकाएकी छातीत दुखते, ताप येतो, फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचते आणि रक्तातील सीआरपी हे दाह दर्शवणारे प्रथिन वाढते. हे चित्र न्यूमोनियासारखे भासते. काही आठवड्यांनी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसते.

गैरसमज : गाठीवर औषध दिलेले नसताना ती आकसली, तर ते आपोआपच.
वस्तुस्थिती : थायमोमाच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुर्बळ करणारा विकार असतो आणि त्यावर स्टिरॉइड दिले जाते. लिम्फोसाइट पेशींनी भरलेला थायमोमा स्टिरॉइडने आकसू शकतो. त्यामुळे दुसऱ्या आजारासाठी घेतलेल्या गोळ्यांचीही चौकशी आवश्यक ठरते.

गैरसमज : लहान झालेल्या गाठीला शस्त्रक्रिया नको, बायोप्सी पुरे.
वस्तुस्थिती : सुई मृत भागातच गेली, तर बायोप्सीत निदान हाती लागत नाही. उरलेल्या जिवंत पेशींतून गाठ पुन्हा वाढू शकते. म्हणूनच प्रकृती साथ देत असेल आणि गाठ पूर्ण काढता येण्याजोगी असेल, तर ती थायमससह काढण्याचाच सल्ला सहसा दिला जातो. थायमोमा कित्येक वर्षांनंतर, बहुधा फुप्फुसाच्या आवरणावर, पुन्हा उद्भवू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ ठरावीक अंतराने स्कॅन करावे लागते.