फेसाला पुरून उरलेले जिवाणू

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत साबणाची जागा डिटर्जंट पावडरींनी घेतली आणि नद्यांवर फेस चढू लागला. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं तेव्हाही होती. जिवाणूंनी भरलेल्या गाळात हवा सोडून मैलापाणी स्वच्छ करायची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरला १९१४ सालीच मांडली होती. पण या नव्या रसायनापुढे तो गाळ हतबल ठरला.

अडचण रेणूच्या ठेवणीत होती. डिटर्जंटच्या रेणूला कार्बनची शेपटी असते. जिवाणू ती टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत संपवतात, उसाचं एकेक कांडं मोडून खावं तशी. त्या काळच्या अल्किल बेंझिन सल्फोनेटच्या शेपटीला जागोजागी फांद्या होत्या आणि फांदीपाशी जिवाणूंचं काम अडायचं. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला. फेस करणाऱ्या घटकाचं किमान ८० टक्के विघटन व्हायलाच हवं, असं ठरलं. मग कारखान्यांनी शेपटी सरळ केली. जिवाणू होते तेच राहिले, बदलावं लागलं ते रसायनाला. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आज आपल्या पावडरीत असतो तो हाच सरळ शेपटीचा रेणू, म्हणजेच ‘लास’. त्याचा कच्चा माल आपल्या रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेलाही तयार होतो.

‘लास’ नेमकं कोण खातं? जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी गाळातून एक चिमुकला जिवाणू वेगळा काढला आणि २००४ साली त्याचं नाव जाहीर केलं: पार्व्हिबॅक्युलम लाव्हामेंटिव्होरान्स. लांबी जेमतेम एक मायक्रॉन. तो शेपटी खातो, पण गंधक चिकटलेलं बेंझिनचं कडं त्याला पचत नाही. ते तो पाण्यात सोडून देतो. पुढे डेल्फ्टिया, कोमामोनास यांसारखे दुसरे जिवाणू ते उचलतात, कडं फोडतात आणि गंधक सल्फेट होऊन सुटतं. एकट्याचं हे काम नव्हे.

या पंगतीला प्राणवायू मात्र हवाच. एरेशन टँकमधला गाळ तब्येतीत असला की त्याचा रंग चॉकलेटी असतो आणि वास ओल्या मातीचा येतो. ऑपरेटर लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेवतात; गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. हवा तुटली की गाळ काळवंडतो, कुजक्या अंड्यांचा वास सुटतो आणि ‘लास’ जवळपास जसाच्या तसा राहतो.

म्हणूनच विजेचं बिल वाचवायला सोसायट्यांमध्ये आपल्या सांडपाणी केंद्रात हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवतात, त्याची मला चीड येते. दिल्लीत ओखला बंधाऱ्याखाली यमुनेवर तरंगणाऱ्या फेसामागेही मोठं कारण आहे ते प्रक्रियेविना नदीत येणारं सांडपाणी. पावडरीत फॉस्फेट असेल तर त्याची गोष्ट आणखी वेगळी. फॉस्फरस हे मूलद्रव्य, ते कुणालाच मोडता येत नाही. काही जिवाणू ते पोटात साठवतात, पण त्यासाठी त्यांना आधी हवेविना आणि मग हवेत ठेवावं लागतं, म्हणजे केंद्रात वेगळी टाकी आलीच, आणि शेवटी तो गाळ बाहेर काढावाच लागतो.