सॅचेल पेज वेळेवर आला असता तर

क्लब क्रिकेटची स्कोअरबुकं भरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे आकड्यांवर जीव आहे. म्हणूनच ‘बेब रूथ आज खेळला असता तर?’ या बेसबॉलमधल्या जुन्या वादापेक्षा मला दुसरा प्रश्न छळतो. रूथने 1927 मध्ये 60 होमरन ठोकले, ते कृष्णवर्णीय पिचरांना दार बंद असलेल्या लीगमध्ये. कृष्णवर्णीय पिचर सॅचेल पेज तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये चेंडू टाकत होता. त्याला मेजर लीगचं मैदान मिळालं 1948 मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी. त्या हंगामात क्लीव्हलँडसाठी त्याने सहा सामने जिंकले, एक हरला. ऐन पंचविशीत काय केलं असतं? निग्रो लीगमधला फलंदाज जॉश गिब्सन याला तर तेवढंही मिळालं नाही. मेजर लीगचं ते बंद दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरण्याआधी तीनच महिने, 35व्या वर्षी तो गेला.

1965 मध्ये 59 वर्षांचा पेज पुन्हा उतरला. तीन इनिंग, एकही रन नाही. त्याच्यावर एकमेव हिट मारली कार्ल यास्त्रेमस्कीने. पण आकडे परिस्थितीवरही ठरतात: हाच यास्त्रेमस्की 1968 मध्ये फक्त .301 सरासरीवर अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज ठरला! त्या वर्षी रन आटले होते, पण फलंदाज एकाएकी बिघडले नव्हते. पिचर 15 इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून चेंडू टाकत, स्ट्राइक झोनही मोठा होता. पुढच्याच वर्षी उंचवटा 10 इंचांवर आणला, झोन लहान केला आणि रन पुन्हा वाहू लागले.